खंडेनवमीची सक्तीची विश्रांती

मित्रांनो, मी ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या एका प्रयोगशाळेतला जुना फ्रीझर आहे. आइस्क्रीम ठेवायचा नव्हे. माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी असते. आणि मी रागावलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

परदेशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. लाकडी पेटीतून इथे आलो, तेव्हा मला उतरवून घ्यायला डॉक्टर सीमंतिनी उन्हात उभी होती. सगळे तिला मॅडम म्हणतात. मी अगंतुगं करतो, कारण आमची सोबत जुनी आहे. जयेंद्रगंजातल्या मराठी घरातली ही मुलगी पुण्याला विषाणूंचे शिक्षण घेऊन परतली होती. "इतकी शिकलीस, मग दिल्लीला का नाही गेलीस?" असे नातेवाईक विचारत. ती म्हणे, "माझं काम ज्या बायकांवर आहे, त्या इथे आहेत."

काम काय होते, तेही ऐका. गर्भाशयाच्या मुखाला एक विषाणू लागतो. पुष्कळ बायकांच्या अंगातून तो आपोआप निघून जातो. काहींच्या पेशींत मात्र ठाण मांडून बसतो, तिथल्या जनुकांचा लगाम तोडतो आणि कर्करोग सुरू होतो. तो कोणाला सोडतो, कोणाला नाही आणि का, हे सीमंतिनीला शोधायचे होते. त्यासाठी बाई निरोगी असतानाचे नमुने हवेत. म्हणून ती भिंड-मुरैनाकडच्या गावांतून फिरली. लोकांनी तोंडावर दारे आपटली, सासवांनी शिव्या घातल्या. ज्या बायका तयार झाल्या, त्यांच्याकडे ती दरवर्षी जात राहिली.

ते सगळे नमुने बारीक नळ्यांतून माझ्या पोटात आले. पुढे त्यांतल्या काही बायका आजारी पडल्या, काही वारल्या. आजाराआधी त्यांच्या पेशी कशा होत्या, ते साऱ्या जगात फक्त माझ्यापाशी होते. पाहुणे येत, माझ्या दारावर थाप मारत, शेजारी उभे राहून फोटो काढत. माझ्या मागच्या जाळीवरची धूळ मात्र एकटी सीमंतिनीच पुसायची.

आमच्या संस्थेचा कारभार मानसिंगराव पाहतात. त्यांच्या घरी खंडेनवमीला तलवारींची पूजा होते आणि पूजलेले शस्त्र त्या दिवशी वापरत नाहीत. तीच रीत त्यांनी संस्थेतल्या यंत्रांना लावली. दरवर्षी सीमंतिनी माझ्यापुढे उभी राहून मला त्यातून सोडवायची. यंदा ती एका आजारी बाईला घेऊन दिल्लीच्या रुग्णालयात गेली होती.

मानसिंगरावांनी मला झेंडूची माळ घातली, कुंकू लावले, हात जोडले आणि प्लग काढला.

"बिचारा वर्षभर चालूच असतो. दोन दिवस आराम मिळून जाईल," ते म्हणाले. "दार तर बंदच आहे. थंडी कुठे जाणार?"

मी विश्रांती मागितली नव्हती, मित्रांनो! आत ऊब चढू लागताच मी बॅटरीवर भोंगा वाजवला. बाहेर आरती चालू होती. "अरे यार, इसको चुप कराओ," असे म्हणून कोणीतरी माझे बटण दाबले. मग दिवे मालवले, कुलूप लागले, दसऱ्याची सुट्टी सुरू झाली. माझ्या अंगावरचे कुंकू पाण्याबरोबर ओघळून फरशीवर गेले. तेव्हाचा माझा संताप अजून उतरलेला नाही.

सुट्टीनंतर सीमंतिनी आली. तिने दार उघडून एक नळी उचलली आणि हलवली. आतले पाणी इकडून तिकडे गेले. ती तिथेच ओल्या फरशीवर बसली.

मानसिंगराव दसऱ्याचे सोने म्हणून इकडे वाटतात ती शमीची पाने घेऊन आले. "मॅडम, सोनं..." म्हणता म्हणता थांबले. सारा प्रकार पाहून त्यांनी हळूच विचारले, "सॅम्पल परत मिळून जातील ना?"

"ही रामश्रीची नळी आहे, सर. रामश्री उन्हाळ्यात गेली. आता कोणाकडून आणू?"

"माझी चुकी झाली, मॅडम. पण शपथेवर सांगतो, भावना चांगली होती."

"तेच तर. वाईट असती, तर निदान भांडता आलं असतं."

मग तिने हातमोजे चढवले आणि नळ्या पिशवीत टाकायला घेतल्या. नळ्यांवर नुसते आकडे असतात, पण ती एकेकीचे नाव घेत होती. मानसिंगराव पिशवी धरून उभे राहिले. त्यांना वर पाहवत नव्हते. मला त्यांची दया आली नाही.

माझा प्लग आता पुन्हा लागला आहे. कप्पे रिकामे आहेत. सीमंतिनी पुन्हा गावोगाव फिरेल, पण निम्मे आयुष्य तिने कुठून आणायचे?

मित्रांनो, मला माळ नको, कुंकू नको. माझी जाळी पुसा, माझा प्लग सांभाळा. आणि एखादे यंत्र ओरडू लागले, तर त्याचे तोंड दाबू नका. आरती जरा थांबवा आणि ते का ओरडते आहे ते पाहा. देव तेवढा थांबेल. रामश्री मात्र आता पुन्हा येणार नाही.