पुसलेल्या नावाची खीर

रशियाची सून आणली म्हणून गावानं लई तोंडं वाजवली. आमचा श्रीनाथ तवा गोव्याच्या हॉटेलात स्वयंपाकी होता, ती तिथंच मालिशचं काम करायची. मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघांचं जमलं. म्या म्हणलं, आणलीस ना, मग आता माझ्या रीतीनं होऊ दे. बेंबळीत नांदायचं तर बेंबळीचीच होऊन नांदायचं. या द्वारकाबाईच्या घरात दोन भाषा चालणार न्हाईत.

आमच्यात लग्न झालं की ताटात तांदूळ पसरतात. सुनेनं बोटानं माहेरचं नाव लिहायचं, सासूनं ते पुसायचं, मग नवऱ्यानं अंगठीनं नवं लिहायचं. हिनं तिच्या लिपीत लेना लिहिलं. म्या तळहातानं सपाट केलं. श्रीनाथनं शिवकन्या लिहिलं. त्या तांदळाची खीर करून सुनेनं एकटीनं खायची असती. पण तिला उन्हानं मळमळत होतं, वाटी तशीच ऱ्हायली. आता अन्न टाकायचं का? म्या खाऊन टाकली. शेजारची मल्लम्मा मुरुमकडची, लई देवभोळी. "आक्का, ती खीर दुसऱ्यानं खाऊ नये," म्हणाली. मी तिलाच हसले.

पुढं शिवकन्येनं मराठी अशी उचलली की बाजारात भाजीवाल्याशी हुज्जत घालायला लागली. मग लेक झाली, शिवांजली, तिच्याशीबी मराठीच. मी खूश. रशियातनं तिच्या आईचा फोन यायचा, तोंड दिसणारा. आधी मायलेकी तासन् तास बोलायच्या. मग ही अडखळायला लागली, मग नुसती मान हलवायची. शेवटी शेवटी विहीणबाई तिकडनं बोलत ऱ्हायची आन् ही कोऱ्या तोंडानं बघत बसायची. मग मी मागनं फोनमधी डोकवायची. "जेवलात का, विहीणबाई? पोरगी आमची झाली बरं का. आता तिचा नाद सोडा." तिला काय कळतंय, म्हणून बोलायची मी. ती टक लावून माझ्या ओठांकडं बघायची.

यंदा ज्वारी काढायच्या दिवसांत मी भाकरी थापत होते. शिवांजली म्हणाली, "आज्जी, हे काय बोलतीस गं?"

"कुठं काय? गप तर हाय मी."

"न्हाय. तू रोजच बोलतीस."

मग ध्यान देऊन ऐकलं. माझ्याच तोंडातनं, बारीक आवाजात, गाणं चाललं होतं. भाषा माझी न्हवती. पण अर्थ सगळा कळत होता. पांढऱ्या रानातनं गाडी चाललीय, आई लेकराला पांघरूण घालतीय, असलं कायतरी. बर्फ म्या जन्मात बघितलं न्हाय, तरी पाय गार पडले. मल्लम्माचं खिरीचं बोलणं आठवलं आन् लई भ्याले मी. कुणाला सांगितलं न्हाय, सुनेला तर न्हाईच.

परवा दुपारी फोन वाजला. श्रीनाथ तामलवाडीला, रोडवरच्या त्याच्या हॉटेलावर होता. फोनमधी विहीणबाई दवाखान्याच्या खाटेवर, नाकात नळी. हळूहळू बोलत होती.  शिवकन्या फोन घेऊन माझ्यापुढं येऊन बसली.

"आत्या, माझी आई मरायला लागलीय आन् मला तिचं काहीच कळंना. तुम्ही चुलीपुढं बोलता ते म्या ऐकलंय. तुमाला येतं. काय म्हणतीय ती?"

नाकारायचं तर कसं? एकेक शब्द कानात स्वच्छ पडत होता. विहीणबाई म्हणत होती, जीव जायच्या आत घरी ये. नातीला घेऊन ये, तिला माझी भाषा शिकव. आलीस की परत जाऊ नको.

शिवांजली माझ्या मांडीवर होती. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता, सकाळी म्याच लावलेलं. ही पोरगी गेली तर या घरात मी कुणासाठी उठायचं?

"म्हणतीय, लेकी, तू तिथंच सुखानं ऱ्हा," म्या सांगितलं. "एवढ्या लांब यायची तकलीफ घेऊ नको, म्हणतीय."

शिवकन्येनं पदर तोंडावर घेतला आन् रडायला लागली.

तिकडं विहीणबाई बोलायची थांबली. नेहमीसारखी माझ्या ओठांकडं बघत ऱ्हायली. मग तिनं नाकातली नळी जरा बाजूला सारली आन् आमच्या बोलीत, बेंबळीत जन्मल्यासारखी, म्हणाली, "असं न्हाय म्हणलं म्या, विहीणबाई. खरं सांगा तिला."

एवढं बोलून तिनं डोळे मिटले. कुणीतरी नर्स मधी आली आन् फोन बंद झाला.

शिवकन्येनं पदर खाली केला. ती माझ्याकडं बघत होती. म्या पोरीला मांडीवरनं उतरवलं, तिच्या आईच्या हातात तिचा हात दिला आन् सांगायला लागले.