दहा लाल

"हा आपला लाल नाही," भोंगा म्हणाला आणि नाक पुसलेल्या रुमालासारखी जर्सी त्याने टेबलावर फेकली.

क्लबच्या ऑफिसात सात जण कोंबून बसले होते. सगळे साठीच्या आसपासचे, सगळे जन्मजात तज्ज्ञ. भोंगा त्यांचा म्होरक्या. मैदानावर तो बोलला की पलीकडच्या गल्लीतल्या खिडक्या बंद व्हायच्या, म्हणून ते नाव. टेबलापलीकडे टाचणी उभी होती. लहानपणापासून तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय आणि बोलणंही तसंच टोचणारं. तिचं खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलं होतं.

क्लबने फुटबॉलची ढाल जिंकली त्याला चाळीस वर्षं होत होती. एकदाच जिंकली, आधी नाही, नंतरही नाही. त्या वर्षीची जर्सी पुन्हा करायची, खेळाडूंनाही आणि बघणाऱ्यांनाही, असं ठरलं होतं. तेव्हाची जर्सी टाचणीच्या अप्पांनी शिवली होती, म्हणून काम तिच्याकडे आलं. हा तिसरा नमुना. पहिला चकाकतो म्हणून परत आला: "उशीचा अभ्रा घालून येऊ का?" दुसरा अंगाला चिकटतो म्हणून परत. खेळाडूच्या मापाची जर्सी या पोटांवर चढणार कशी? तिने ढगळ केली तर म्हणाले, तंबू आहे. आता कापड जुन्यासारखं जाड सुती होतं, कॉलर बरोबर, पोटांनाही जागा झाली होती. अडला होता रंग.

"क्लबच्या काचेच्या कपाटातली तेव्हाची सहा नंबरची जर्सी उसवून रंग घेतलाय," टाचणी म्हणाली. "शिवणीच्या आतला. तिथे ऊन लागत नाही, धुण्याने उतरत नाही. दोऱ्याला दोरा लावून बघा."

"काचेतलं जाऊ दे. मी डोळ्यांनी पाहिलंय. गडद होता. काळसर."

"काळसर?" पोस्टमन उसळला. "अरे, फिका होता! उजळ!"

"तू काय मैदानात पत्रं वाटत होतास?"

मग सातही जण एकदम बोलायला लागले. एकाचा लाल दुसऱ्याच्या लालाशी जुळेना. फोटो बघावा, तर फोटो काळा-पांढरा.

सेक्रेटरीने हात वर केला. तिशीतला माणूस, ढालीच्या वेळी जन्मलासुद्धा नव्हता. "ताई, शनिवारपर्यंत. नाहीतर बाहेरच्या कंपनीला देतो. ते दोन दिवसांत नमुना पाठवतात."

"पाठवू देत की. त्यांना कुठे माहितीय तुमचा लाल?"

"कुणालाच माहिती नाही ताई, तीच तर पंचाईत आहे."

ती चिडून घरी आली. घर म्हणजे पुढे कारखाना, मागे दोन खोल्या. चाळीस वर्षं क्लबची प्रत्येक जर्सी या चार मशिनांवर शिवली गेली होती. लहानपणी ती अप्पांच्या कटिंग टेबलाखाली बसायची. वरून चिंध्या पडायच्या, खडूची भुकटी पडायची, आणि समोर फक्त पाय दिसायचे. माप द्यायला आलेल्या खेळाडूंना ती पायांवरून ओळखायची. नऊ नंबरवाल्याच्या अंगठ्याचं नख काळंनिळं असे. अकरा नंबरवाला माप देताना एका जागी उभा राहीना, मग अप्पा ओरडत, "अरे, मैदानात पळ, इथे नको!" त्या जर्सी पावसात भिजल्या की पोरांना पेलवत नसत. पण वास! कोऱ्या सुताचा आणि गरम इस्त्रीचा वास तिला अजून कुठे आला की ती दहा वर्षांची व्हायची. काम गेलं तर या टेबलावर पडदे शिवायचे, आणि क्लबच्या पाठीवर कुणीतरी भलत्याच गावच्या माणसाने ठरवलेला लाल.

आई मागच्या पायरीवर जुनी बटणं निवडत बसली होती. "परत आला का नमुना?"

"अर्धे म्हणतात फिका, अर्धे म्हणतात गडद. डोकी फिरलीत म्हाताऱ्यांची."

आई हसायला लागली. थांबेचना.

"हसतेस काय?"

"बरोबर बोलतायत मेले. सगळेच."

"म्हणजे?"

"लाल कापड आलंच नव्हतं. मॅच दोन दिवसांवर आणि घरात नुसतं पांढरं. तुझ्या अप्पांनी कपाळाला हात लावला. म्हटलं, तुम्ही शिवा, मी रंगवते. रंगाची पुडी एक आणि पातेलं हे एवढंसं. त्यात एका वेळी एकच जर्सी मावायची. रात्री तू झोपलीस की ते शिवून देतील तशी मी बुडवायची. आधी दोन नंबरची, मग तीन, करत करत अकरापर्यंत."

टाचणी खाली बसली. "पाणी तेच?"

"मग काय, दर वेळी नवी पुडी कुठून आणू? दोन नंबरने रंग पिऊन घेतला. अकराच्या वाट्याला धुवण आलं. आकडे वाळल्यावर शिवले, म्हणून ते पांढरे."

"म्हणजे दहा जर्सी, दहा लाल. आणि कुणाला कळलं नाही?"

"मैदानात काय दहा जण ओळीने उभे असतात? त्यात चिखल. शिवाय जिंकले! जिंकल्यावर कोण रंग बघतं?"

"तू आजवर बोलली का नाहीस?"

आईने एक बटण उचललं, उजेडात धरलं, डब्यात टाकलं. "कुणी विचारलं? सत्कार झाला, अप्पांच्या गळ्यात हार पडला. क्लबवाले म्हणाले, मास्तरचा हात. मी मागे भांडी घासत होते, पातेलं लाल झालं होतं म्हणून."

टाचणीने बटणांचा डबा बाजूला सरकवला. अप्पा तिचे लाडके. पण चाळीस वर्षांत त्यांना एकदाही तोंड उघडता आलं नाही? माणूस चांगला होता, हे खरं. आणि फुकटचं श्रेय पचवून बसला, हेही खरं. बाईच्या हाताला रंग लागतो आणि नाव पुरुषाचं होतं, हे काही या एकाच घरात घडलेलं नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "पुन्हा रंगवायच्या."

"माझ्याने ओणवं होत नाही."

"खुर्चीवर बस. मी बुडवते, तू शिव्या घाल."

आईने त्या मनापासून घातल्या. "ढवळ गं, झोपलीस का! काढ आता, काढ! वेंधळी आहेस, बापावर गेलीस!"

शनिवारी सकाळी टाचणीने दहा जर्सी मैदानाच्या कठड्यावर वाळत घातल्या. क्रम मोडलेला, पाठीवर आकडे नाहीत. आकड्याची चिठ्ठी प्रत्येकीच्या आत टाचलेली.

"ज्याला जो आपला लाल वाटतो, तो उचला," ती म्हणाली.

भोंगा पुढे आला, त्याने दोन फेऱ्या मारल्या आणि सगळ्यात गडद जर्सी छातीशी धरली. "हा! हाच!"

"त्या मॅचमध्ये तुम्ही कुणाला बघत होता?"

"कुणाला म्हणजे? माझ्या मामाला. दोन नंबर. त्याला ओलांडून गेला असा माणूस जन्माला यायचाय."

तिने चिठ्ठी दाखवली. दोन. आयुष्यात पहिल्यांदा भोंगा हळू वाजला: "मामाचीच."

पोस्टमनने सगळ्यात फिकी, अकरा नंबरची उचलली. "आणि याला गुलाबी म्हणायचं नाही," त्याने आधीच दम भरला. न्हाव्याने मात्र नऊ नंबरची शपथ घेऊन आठ उचलली आणि तो चिठ्ठीशीच भांडायला लागला. पण बाकीचे आपापल्या माणसाजवळ बरोबर पोचले. मग टाचणीने पातेल्याची हकिगत सांगितली. कुणी रंगवलं तेही सांगितलं, मोठ्याने, दोनदा. खुर्चीवर बसलेल्या आईकडे सगळे वळले.

"आता तरी भांडू नका," आई म्हणाली.

सेक्रेटरी डोकं खाजवत होता. "ताई, छान आहे. पण संघाला चालणार नाही. दहाही जण एकाच रंगात हवेत, नियम आहे. रेफ्री उतरूच देणार नाही. खेळाडूंचे कपडे कंपनीकडे द्यावे लागतील. बघणाऱ्यांच्या सगळ्या जर्सी तुमच्याकडे. ज्याला जो नंबर, त्याला तो लाल."

टाचणीने ऐकून घेतलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा क्लब दुसऱ्याचे कपडे घालून उतरणार होता. ते लागलं, आत कुठेतरी खोल लागलं. पण ज्यांच्यासाठी तीन नमुने झाले होते, ते कठड्याशी उभे राहून जर्सी नाकाला लावून हुंगत होते, पोरांसारखे.

"चालेल," ती म्हणाली. "यादी करा."

यादी झाली, माणसं पांगली. सेक्रेटरी तिथेच घुटमळत राहिला, मग आईजवळ आला. "आजी, माझे वडील एक नंबर होते. गोलकीपर. त्यांचा लाल कसा होता?"

"त्याचं आम्ही शिवलंच नाही रे. तो घरचा स्वेटर घालून खेळायचा, राखाडी. तुझ्या आजीने विणलेला. एक बाही आखूडच होती."

"कुठली?"

"डावी."

तो स्वतःच्या डाव्या मनगटाकडे बघत राहिला. टाचणीने गळ्यातली टेप काढली. "हात वर करा."

"ताई, तुम्ही विणता?"

"हिला कुठलं येतंय," आई म्हणाली. "मी विणीन. पण शनिवारपर्यंत वगैरे मला सांगायचं नाही."