तिसरा ठिपका

बाळाच्या करंगळीच्या नखाशी सुटलेला कातडीचा पापुद्रा… तांदळाच्या कणीहून लहान, हीटरच्या उबेत थरथरणारा. कॅमेऱ्यातून तो दिसला आणि सवयीनं फोटोवाल्यानं मनातल्या मनात तो पुसूनही टाकला. वीस वर्षं हेच चाललेलं — नवजात बाळांचे फोटो काढायचे, मग संगणकासमोर बसून ओरखडे, पुरळ, डोळ्यांतली चिपडं सगळं साफ करायचं. लोण्यासारखी कातडी झाली की आईबाप खूश. ह्या कामात गावात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

“ह्याचं काही पुसू नका हं,” बाळाची आई स्टुलावरून म्हणाली. “आहे तस्साच राहू दे.”

“नाही पुसणार, ताई.”

“चार फोटोंना दोन तास!” कोपऱ्यातून बाळाची आजी कुरकुरली. “आमच्या लग्नाचा अख्खा अल्बम एवढ्यात उरकला होता. ह्याचे आजोबा त्यात एकाही फोटोत हसलेले नाहीत, ते सोडा.”

तो हसला, आणि नजर पुन्हा गादीकडे गेली. अडीच वर्षांपूर्वी ह्याच गादीवर, ह्याच पांढऱ्या दुलईत ह्या बाईंची पहिली मुलगी निजली होती — आठ दिवसांची. डाव्या कानाच्या पाळीपासून गालावर उतरलेली जन्मखूण, लाल शाई सांडल्यासारखी, आणि तिच्याखाली ठिपके. पुसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं आपणहून पुसली, अख्खी संध्याकाळ बसून, एकेक ठिपका करत, आणि स्वतःवरच बेहद्द खूश झाला. फोटो घरी पोहोचले तसे त्यानं नेहमीप्रमाणे मूळ फोटो काढून टाकले, उगाच जागा अडते म्हणून… आणि एकोणिसाव्या दिवशी ती मुलगी झोपेतच गेली.

महिन्याभरानं आईचा फोन आला होता. “फोटो सुंदर आहेत हो. पण ही आमची नाही.” मग तीच पुढे म्हणाली, “मोबाइलवर काढताना मीच तिची ती बाजू लपवायचे… लोक विचारतील म्हणून. खूण कुठ्ठेच नाही. तुमच्याकडे आधीचे असतील ना?”

नाहीत. एवढा एकच शब्द. पण तोंडातून निघालं, “शोधतो.” पुढच्या फोनला “शोधतोय”, त्याच्या पुढच्याला “जुनं सामान काढायचंय, त्यात बघतो.” भित्रा माणूस मी, दुसरं काय… वाटलं, विचारून विचारून थकेल. थकलीही. आणि आज बाळ घेऊन पुन्हा दारात. गावात दुसरे फोटोवाले का थोडे होते?

आजी दुपटं आणायला बाहेर गाडीकडे गेली. बाळानं जांभई दिली, त्यानं ती टिपली.

“एक विचारू?” आईनं आवाज खाली आणला. “ठिपके किती होते हो? मला कधी दोन आठवतात, कधी तीन. ह्यांना विचारलं की उठून जातात. आणि मी तर आई… माझ्याच लक्षात नसावं?”

त्याच्या लक्षात होतं. फोटोतून गेलेली खूण त्याच्या बोटांत तशीच राहिली होती — पाळीखालचं वळण, गालावरचा पसरट भाग, मग एक ठिपका, दुसरा, आणि तिसरा इतका फिकट की पुसायला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला होता. त्या गालाकडे एवढं निरखून जगात दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल, आणि त्यानं पाहिलं ते नाहीसं करण्यासाठी. त्याला स्वतःची लाज वाटली.

“तीन,” तो म्हणाला. “तिसरा अगदी फिकट. खाली, हनुवटीच्या बाजूला.”

ती ताडकन उठून उभी राहिली. इतका उजळलेला चेहरा त्यानं ह्या खोलीत कधी पाहिला नव्हता.

“सापडले?”

हीटर घुमत होता. बाळ शांत झोपलं होतं. आता ‘शोधतो’ जिभेवर यायला हवं होतं, दरवेळेसारखं, पण आलं नाही. अडीच वर्षांत पहिल्यांदाच त्याला ते नको होतं. त्यानं गळ्यातला कॅमेरा काढून खाली ठेवला आणि मोकळ्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तो घाबरला होता, फार घाबरला होता, पण नजर त्यानं बाजूला नेली नाही.