कुंकवाखालची पट्टी

मी एक जुना पेन ड्राइव्ह आहे. घरात मला ‘खराब’ म्हटलं गेलं, पण मित्रांनो, आधी माझी बाजू ऐका.

सोलापुरातल्या एका दुकानातून मी आणि माझा जुळा भाऊ हेमावतीच्या घरी आलो. हेमावती चादरींसाठी नक्षी काढते. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या नक्ष्या दुरुस्त करून द्यायची. यंदा दसऱ्यानंतर पहिल्यांदाच तिची स्वतःची नक्षी एका कारखान्यातल्या मागावर चढणार होती. तिने माझ्यावर ‘हेमा’ आणि माझ्या भावावर ‘गुरू’ अशी कागदी पट्टी चिकटवली. नाव मिळाल्यावर मला कोण आनंद झाला!

गुरू म्हणजे तिचा धाकटा भाऊ गुरुशांत. घरातल्या जुन्या संगणकावर त्याला नवी सिस्टीम बसवायची होती, तीही मूळ कोडपासून एकेक भाग स्वतः तयार करून. त्यासाठी संगणक पूर्ण पुसावा लागणार होता. म्हणून हेमावतीने आपल्या सगळ्या नक्ष्या माझ्यात ठेवल्या.

“गुरू, माजी तीन वर्षं हायती ह्यात. जप की.”

“अक्का, ह्याला मी हात लावणार न्हाय. शब्द हाय माजा.”

सिस्टीम बसवायची फाइल माझ्या भावावर चढवायची असं ठरलं. मी तो शब्द खरा मानला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. संगणक, स्क्रू ड्रायव्हर, आम्ही दोघे भाऊ, सगळ्यांची पूजा झाली. ओल्या कुंकवाखाली दोघांचीही नावं झाकली गेली. दसऱ्याला सकाळी गुरुशांतने ताटातून मला उचललं. पूजेचं कुंकू पुसू नये म्हणून त्याने पट्टी तशीच राहू दिली. पडद्यावर सूचना आली, ‘यातलं सर्व पुसलं जाईल.’ मला एकदा उघडून बघायचं सोडून त्याने ‘होय’ दाबलं. ओरडायला मला तोंड कुठे होतं?

मग संगणकही पुसला गेला. दोन दिवस त्याचा पंखा घरघरत होता. सिस्टीम झकास बसली.

हेमावतीने नक्ष्या मागितल्या, तेव्हा गुरुशांतने अंगठ्याने कुंकू पुसलं. खालचं नाव वाचून त्याचा चेहरा उतरला. आणि तो म्हणाला, “अक्का, ह्यो ड्राइव्हच खराब निगाला.”

मित्रांनो, चूक मी सोसली असती. पण ज्याने माझ्याकडूनच काम करून घेतलं, त्यानेच माझ्यावर आळ घ्यावा? ते मला फार लागलं.

हेमावतीने मला तळहातावर घेतलं आणि पूजेच्या ताटात कुंकवासकट तसाच पडून असलेल्या माझ्या भावाकडे पाहिलं. मग म्हणाली, “खराब हाय व्हय? मग तुजी सिस्टीम कशावरनं बसली?”

गुरुशांतची मान खाली गेली. नक्ष्या काही परत आल्या नाहीत. मागावर यंदाही दुसऱ्याचीच नक्षी चढली.

म्हणून सांगतो, पुसण्याआधी एकदा उघडून बघत जा. आणि चूक झालीच तर कबूल करा. आम्हाला बोलता येत नाही म्हणून ती आमच्या माथी मारू नका.

परवा हेमावतीने पहिली फुलवेल आठवून आठवून पुन्हा काढली आणि ठेवायला मलाच घेतलं. तेवढ्यात गुरुशांत जवळ आला. तिने मूठ मिटली.