गिरणीतल्या खुणा

ओढ्यावरची फळी वाहून गेली होती. एरवी घोटाभर पाणी असणारा ओढा रात्रीच्या पावसाने मातकट होऊन दगड लोटत चालला होता. तिने काठीने तळ चाचपला, तर पाण्याने काठीच हिसकावून नेली. पलीकडच्या चढावर डोंगर चढणाऱ्यांसाठी मुक्कामाची खोली होती आणि तिचे बाबा तिथे राखणदार होते.

बाबा तिथे गेले ते भांडून. भांडण तरी कसलं, रेडिओच्या आवाजाचं! लाकूड कापायच्या गिरणीत जन्म घालवून त्यांचे कान कामातून गेलेले. आई वैतागून म्हणाली, "मग डोंगरावरच जाऊन बसा." माणूस खरंच जाऊन बसला. असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. आईही काही कमी नव्हती. येतील झक मारत, असं म्हणत ती रोज दाराकडे बघायची. काल दुपारी ओट्यापाशी कोसळली ती उठलीच नाही.

वर फोन लागत नव्हता. आज दुपारी अंत्यविधी. त्याआधी बाबांना खाली आणायचं, आईचं तोंड तरी बघू द्यायचं, म्हणून लेक पहाटे निघाली होती.

तेवढ्यात पलीकडच्या झाडांतून बाबाच आले, फळी टिकली का बघायला. लेकीला पाहून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी मूठ वळून हलवली, हातात डबा असल्यासारखी. गिरणीत दुपारी आई डबा घेऊन आली की दोघं एकमेकांना हीच खूण करायची. आईने बोलावणं धाडलं, असं त्यांना वाटलं होतं.

तिने घसा फोडून हाका मारल्या. पाण्यापुढे तिचं तिलाच ऐकू येईना. मग तिचे हात उचलले गेले. गिरणीच्या आवाजात सगळं खुणांनीच चालायचं आणि करवतीच्या दुसऱ्या टोकाला तीही कितीतरी वर्षं उभी राहिली होती. पण त्या खुणा कामापुरत्या होत्या. थांब, चालू कर, फळी वाकडी आहे, बोटं सांभाळ. माणूस गेलं, याला खूण नव्हती.

तिने डब्याची मूठ हलवली. मग दोन्ही तळवे खाली दाबले. बंद.

बाबा हसले. बायकोचा अबोला अजून आहे, असं समजून त्यांनी हवेत बोट फिरवलं. चालू कर. तिने नाही म्हणून मान हलवली, पुन्हा तळवे दाबले. या वेळी ते तिने वर उचललेच नाहीत. बाबांचं बोट अर्ध्यातच थांबलं.

ते सरळ पाण्यात शिरले. तीही नकळत इकडून शिरली आणि पाय घसरला. ते पाहून बाबा जागीच थबकले. त्यांनी हात वर केला, ती गिरणीत नवखी होती तेव्हा दिवसभर करायचे तसा. मागे सर, बोटं सांभाळ.

ती रडत मागे सरली. मगच तेही सरले.

एकटीच घरी परतताना वळणावरून तिने मागे पाहिलं. बाबा काठावरच उभे होते. तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते पाण्याकडे बघत हवेत बोट फिरवत होते. चालू कर. चालू कर.