सावरीचं माहेरपण

आमच्या घरी लग्न झालं का माणूस वाढते. कमी होत नाई. मले दोन पोट्टे, पोरगी नाई. थोरल्या प्रफुलची वरात आरमोरीले गेली अन् रीताले घेऊन वापस आली. धाकटा चंद्रपुरात नोकरीले, त्याच्या लग्नातबी तसंच. लग्न म्हणजे जाचं, जेवाचं, रुसाचं अन् एक सून घेऊन याचं, एवढंच मले ठावं. दुसऱ्या बाजूनं लग्न कसं दिसते हे पाह्याची पाळी कवा आलीच नाई. म्हणून तं मी फसली.

मले कपड्याच्या बाहुल्या कराचा नाद हाये. ब्रह्मपुरीच्या अलीकडं आमचं गाव. धानाचा हंगाम सोडला तं दुपारभर मी छपरीत बसतो. जुनं लुगडं धुऊन धुऊन मऊ झालं का त्याचं बाहुलीचं अंग शिवतो, अन् बांधावरच्या सावरीच्या झाडाचा कापूस काडीनं दाबून दाबून भरतो. बोटात कापूस भरणं म्हणजे मुंगीले चड्डी घालणं. शेजारची रुखमा म्हणते, "कांताबाई, नातीले एक झाली, दोन झाल्या, आता कायले वो?" म्या म्हटलं, "तू दिवसभर सिरियल पाह्यतं, तवा मी इचारतो काय, कायले म्हणून?" तवापासून ती गप हाये. पण पाह्याले रोज येते.

बाहुलीचं सारं जमते, तोंड जमत नाई. नाकाले आतून दोरा घालून ओढा लागते. जास्त ओढला का पोपट, कमी ओढला का भाकर. माह्या साऱ्या बाहुल्या पोपट नाई तं भाकर. पण ह्या उन्हाळ्यात एक अशी झाली का माह्याच हातावर माह्या भरोसा बसेना. नाक नीट, ओठ नीट. उजव्या डोळ्याचा एक टाका जरासा वर गेला होता, त्याच्यानं ती हसू दाबून राह्यली असं दिसे. टाका उसवाले म्या कैची घेतली, अन् ठेवून देली. काळ्या लोकरीचे केस, हिरवं लुगडं, कानात मणी. सावरीच्या कापसाची म्हणून नाव ठेवलं सावरी. जेवतानाबी मी तिले समोर बसवो. आमचे हे, गावासाठी मुखरूभाऊ, एक दिवस म्हणे, "मले तं कवा असं समोर बसवलं नाई." म्या म्हटलं, "तुमी गप कुठी राह्यता?"

मे महिन्यात रीताची माय प्रेमिला नातीले भेटाले आली. माह्यी विहीण. आमच्याकडं ईनबाई म्हणतात. आल्या आल्या तिनं थैल्यातून एक बाहुला काढला. माह्यं पाहून तिनंबी सुरू केलं होतं. बाप्पा! त्याचं डोकं एवढं गच्च भरलं होतं का मान पेलेना. उभा केला का समोरच्याच्या पाया पडे.

"सुरेंद्र नाव हाये," ईनबाई म्हणे. "लय नम्र हाये."

माह्यी नात दिव्यानी आठ वर्षाची. तिनं सावरी अन् सुरेंद्र बाजूबाजूले ठेवले अन् टाळ्या वाजवल्या. "आजी, याईचं लगीन लावू!"

"लावू ना," म्या म्हटलं. मले वाटलं, चला, घरात एक बाहुला वाढन.

ईनबाई लगेच पाटावर बसली. "पह्यले पोरगी पाह्यतो." सावरीले उलटी केली, सुलटी केली, पाठीची शिवण तपासली. मंग तिच्या तोंडाकडं पाहतच राह्यली. मले वाटलं, आता खोट काढते.

"पसंत हाये," ती म्हणाली. "स्वयंपाक येते काय पोरीले?"

"नवरदेवाची मान उभी राह्यते काय?" म्या इचारलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात लगीन लागलं. टॉवेलाचा अंतरपाट, रुखमाच्या मोबाईलवर मंगलाष्टकं, मधात तेलाची जाहिरात. सारी गल्ली जेवाले. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. अन् ईनबाई रुसली! एक घास घेतला, ताट सरकवलं, म्हणे, "भाजीत मीठ नाई."

साऱ्या बाया माह्याकडं पाह्याले लागल्या. काऊन का प्रफुलच्या लग्नात म्या असंच ताट सरकवून हेच म्हटलं होतं. पण तवा भाजीत खरंच मीठ नोहतं! हे मी आजबी छातीठोक सांगतो. मंग ईनबाई नवरदेवाले टोपी नाई म्हणून रुसली. टोपी शिवून देली तं लहान झाली म्हणून रुसली. नवरीची माय म्हणून मले तिच्यासमोर हात जोडा लागले. हात असे जड झाले होते का सांगता सोय नाई. रीता बुंदी वाढून राह्यली होती, तिनं झटकन तोंड फिरवलं.

संध्याकाळच्या बसले ईनबाई निघाली. थैल्यात सुरेंद्र ठेवला. अन् त्याच्या बाजूले सावरी.

"अवो ईनबाई, तिले कुठी नेता?"

"सासरी."

"कोणाच्या?"

"माह्या. नवरी काय माहेरी राह्यते काय वो?"

सारी गल्ली पाह्यत उभी होती. आता नाई म्हणावं तं कसं? साऱ्याईनं अक्षता टाकल्या, बुंदी खाल्ली. देलेली पोरगी वापस मांगली तं गावात नाक राह्यत नाई. बस गेली अन् मी छपरीत बसून ढसाढसा रडली. रुखमा म्हणे, "कपड्याची तं हाये, दुसरी कर." दुसरी केली. पोपट. तिसरी केली. भाकर.

धानाची रोवणी लागली तवा मले राह्यवेना. म्या फोन लावला. "ईनबाई, पोरीले चार दिस माहेरी धाडा."

"कसं धाडू वो?" तिकडून आवाज आला. "नवी नवरी. रोवणीचे दिवस. घरचं कोण करन?"

हे वाक्य कुठीतरी आयकल्यासारखं वाटलं. मांगं पाह्यलं तं रीता चुलीसमोर माह्याकडं पाठ करून बसली होती, अन् तिचे खांदे हालत होते. तवा आठवलं. ह्याच फोनवर, ह्याच शब्दात, दर सालले मीच ईनबाईले सांगतो. पण मी सांगतो तवा खरंच रोवणी राह्यते! सुरेंद्रची कुठी आली रोवणी? लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथी तं बाहुलीचं नाव घेऊन ती मले हाणून राह्यली होती. माह्या अंगाची लाही लाही झाली.

मंग म्या ह्याईले आरमोरीले धाडलं. बजावलं, "पोरीले घेतल्याशिवाय घरी याचं नाई." संध्याकाळी हे बसमधून उतरले. पोट पुढं, हात रिकामे.

"सावरी कुठी हाये?"

"झिंगे केले होते वं. अन् मासोळीचा रस्सा."

"सावरी!"

"नवरीचा बाप हावो मी. कोणत्या तोंडानं बोलू?"

"ज्या तोंडानं झिंगे खाल्ले त्याच तोंडानं!"

ते खाटेवर बसले. चप्पल काढता काढता म्हणाले, "ती देत नाई, कांता. देवाच्या बाजूले बसवली हाये तिनं. सकाळी उठली का पह्यले सावरीचं तोंड पाह्यते. म्हणे, रीता समोर बसल्यावाणी वाटते."

"कायची रीता? माह्यी सावरी हाये ते!" मी वरडली.

रीता पाण्याचा गिलास घेऊन आली होती. तिनं माह्याकडं पाह्यलं अन् हसू दाबलं. उजवा डोळा जरासा वर गेला.

दहा वर्सं झाली हे तोंड चुलीजवळ पाह्यतो, धानाच्या बांधीत पाह्यतो. तेच बोटात उतरलं अन् मले पत्ता नाई. तिच्या मायनं एका नजरेत ओळखलं, पाटावर बसल्या बसल्या.

"मी जाऊन आणतो ना आई," रीता म्हणाली. "पण माय हट्टी हाये. एका दिवसात नाई आयकाची."

"रोवणीचे दि..." म्या तोंड उघडलं, अन् मिटलं. "जा."

रीता गेली. म्या दिव्यानीची वेणी घातली, तं शाळेत तिच्या बाईनं सोडून पुन्हा घातली. दिवसभर चिखलात रोवणी करा, घरी येऊन चूल पेटवा, कंबर म्हणे मी नाई. प्रफुलनं एक घास घेतला अन् म्हणाला, "आई, भाजीत मीठ नाई." अन् खरंच नोहतं. संध्याकाळी छपरीत बसली तं कोणाशी भांडावं हेच समजेना. ह्याईच्याशी भांडून मजा येत नाई, ते लगेच हो म्हणतात. मी फोन करो, "सावरी निघाली काय?" रीता म्हणे, "समजूत काढून राह्यली." अन् मांगून मायलेकीचं खिदळणं आयकू ये. अशी समजूत म्या उभ्या जन्मात कवा आयकली नोहती.

रोवणी सरता सरता रीता आली. कडेवर सावरी. नवं पिवळं लुगडं, ओटीत तांदूळ, हळकुंड. म्या तिले उराशी धरलं अन् तिथीच बसच्या फाट्यावर रडाले लागली. मंग रीताकडं पाह्यलं. तोंडावर तेज आलं होतं पोट्टीच्या.

"दिवाळीपर्यंत ठेवा म्हणे माय," रीता म्हणाली. "दिवाळीमागं तिकडं मंडईची जत्रा भरते, तिले सून घरी पाह्यजे. तवा वापस नेऊन द्या लागते."

"कोण नेऊन देईन?" म्या इचारलं. रीतानं खाली पाह्यलं. मी समजली. इतकी काही मी खुळी नाई.

दिवाळी गेली, मंडई आली. लेकी-जावयाईले बोलवाचे दिवस. म्या रीताची पिशवी सकाळीच भरली. तिनं नको म्हटलं तरी अनारशाचा डबा वरून कोंबला. सुरेंद्रच्या मानेसाठी एक बांबूची काडीबी देली, जावई हाये शेवटी. फाट्यावर रुखमा भेटली.

"दोघीबी चालल्या काय वो?"

"हो. एक सासरी, एक माहेरी."

"मंग तू कोणासाठी रडून राह्यली?"

"धूळ गेली डोळ्यात. तुले काय करा लागते?"

बस आली. रीता खिडकीजवळ बसली, मांडीवर सावरी. दोघीईची तोंडं बाजूबाजूले आली, अन् म्या पदर डोळ्याले लावला.

"आई, काळजी नोका करू," रीता खिडकीतून म्हणाली. "मायनं कितीबी हट्ट केला तरी सावरीले मी वापस आणतोच."

"नाई देली तं राहू दे तिले तिथीच," म्या म्हटलं. "तुह्या मायलेबी सकाळी पाह्याले एक तोंड पाह्यजे. तू मातर ये."

रीतानं हसू दाबलं, पण ह्या खेपेले तिले ते जमलं नाई, अन् बस निघाली.