गाडीची तहान

निरवांगीला सावळाराम तात्यांच्या अंगणात त्या संध्याकाळी इतकी माणसं जमली होती की मोटरसायकल मला रस्त्यावरच लावावी लागली. सगळ्यांचे डोळे एका पांढऱ्या गाडीकडे लागले होते. बॉनेट उघडं, रेडिएटरचं झाकण काढून ठेवलेलं आणि त्या उघड्या तोंडाभोवती झेंडूची माळ. समोर भगव्या कफनीत जलनाथ महाराज तांब्या घेऊन उभे होते.

"लखन बाळा, तहान लागली न्हवं? पी." त्यांनी अख्खा तांब्या आत ओतला. "आता बघा गाडीखाली. जमीन वली हाय का कुठं?"

दोघंतिघं वाकले. जमीन कोरडी ठणठणीत होती.

"मग कालचं पाणी गेलं कुठं? भरून ठिवलं व्हतं, आज न्हाय. कोण प्यालं?"

"लखन," गर्दी एका आवाजात म्हणाली.

महाराजांनी मान हलवली. स्टिअरिंगवर बसलेल्या चेल्यानं गाडी सुरू केली. "बाळा, हायेस का हितं?" महाराजांनी हाक मारली आणि रेडिएटरच्या तोंडातून गुडगुड आवाज करत बुडबुडे वर आले. "श्वास घेतोय. आत्मा म्हंजे करंट असतो मंडळी. लोखंडात शिरला की निघत न्हाय. अमेरिकेत याच्यावर मोठं संशोधन चालू हाय." मागून पांढराशुभ्र धूर निघाला. कुणीतरी बाई हुंदका देऊन रडली. मी बारामतीला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवतो, असले बुडबुडे वर्षभर बघतो. पण खोटं कशाला सांगू, त्या अंगणात माझ्याही अंगावर काटा आला. तात्यांच्या तोंडाकडे बघितलं म्हणून आला.

लखन हा तात्यांचा एकुलता मुलगा, माझ्या भाचीचा, अनिताचा नवरा. उन्हाळा लागताना याच गाडीतून दोघं इंदापूरला निघाले होते. वाटेत त्याच्या छातीत कळ आली. गाडी त्यानं कशीबशी कडेला घेतली, "पाणी दे" म्हणाला. अनितानं बाटली उचलली तर ती रिकामी. पुढे तो काही बोललाच नाही. गाडी कुणीतरी घरी आणून सोडली आणि पुढं जेव्हा जेव्हा सुरू केली तेव्हा तिच्यातून घोट घेतल्यासारखा आवाज यायला लागला. मग जलनाथ महाराज आले.

त्यांनी नेम घालून दिला होता. नवरा तहानलेला गेला तो बायकोच्या हलगर्जीपणानं, म्हणून गाडीनं पाणी प्याल्याशिवाय अनितानं प्यायचं नाही. दिवसभर नाही, संध्याकाळी गाडी भरली की मगच. पूर्वी गाडीला एक तांब्या लागायचा, आता मधूनमधून दोन लागत होते. दुसरा तांब्या लागला की अनिताला त्या रात्रीचंही पाणी बंद. ऐन वैशाखात हा प्रकार चालला होता. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले.

मला संताप आला. पण मुलीकडच्या पाव्हण्यानं सासरच्या अंगणात आवाज चढवायचा नसतो, ही आमच्याकडची रीत. मी गप्प राहून बघत होतो. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इंजिन तापून पाणी उकळायला लागण्याच्या बेताला महाराज बरोबर हात वर करत आणि चेला गाडी बंद करी. इतकं नेमकं ज्याला जमतं त्याला आत्म्यापेक्षा गाडी जास्त कळते.

दुसरे दिवशी मी महाराजांना नमस्कार घातला. "लखन माझा जावई. आज स्टिअरिंगवर मला बसू द्या."

गर्दीसमोर त्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी हाक मारली, "लखन, हायेस का?" मी गाडी सुरू केली, पण ॲक्सिलरेटरला पाय लावला नाही. पाणी जवळजवळ शांत राहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तरी तेच.

"आता मी विचारतो," मी म्हणालो. "तू लखन नसून निरवांगीचा पोस्टमन आहेस का?" आणि पाय दाबला. बुडबुडे भसाभसा वर आले.

मला वाटलं होतं लोक हसतील. कुणी हसलं नाही. तात्यांनी उपरण्यात तोंड लपवलं आणि ते रडायला लागले. मला माझीच लाज वाटली. मी बुवाची फजिती करायला गेलो होतो आणि लागलं म्हाताऱ्याला. महाराजांनी संधी साधली. "मेलेल्या माणसाची चेष्टा केली यांनी. आता अमावस्येपत्तोर सुनंनं थेंबाला शिवायचं न्हाय."

सकाळी अनिता चुलीपुढे कोसळली. मी तिला इंदापूरच्या दवाखान्यात नेलं. सलाइन लावून डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. "आणखी थोडे दिवस हे चाललं तर हिची मूत्रपिंडं जातील. आणि लखनलाही इथंच आणलं होतं, तो हृदयविकाराचा मोठा झटका होता. घागरभर पाणी पाजलं असतं तरी वाचला नसता. हे तिला कुणी सांगितलंय का?"

मी सांगितलं. अनितानं ऐकून घेतलं आणि छताकडे बघत म्हणाली, "वाचलं नसतं, मान्य हाय मामा. पण तोंडाला पाणी तरी लागलं असतं. बाटली मी भरल्याचं मला पक्कं आठवतंय. आन ती रिकामी निघाली. मग आठवतंय ते खोटंच म्हणायचं न्हवं?"



त्या दुपारी मी तात्यांपाशी जाऊन बसलो. भूत नसतं वगैरे काही बोललो नाही. "तात्या, लखन आत तहानेनं तळमळतोय असं तुम्ही मानता. मग बाप झाकण लावून बसतो होय? आपण इंजिन उतरवू. खिळा न् खिळा सुटा करू. असेल तर सापडेल."

तात्या म्हणाले, "महाराज म्हनत्यात, उघडंल त्यो मरंल."

"उघडणारा मी. मरू द्या मला."

"तसं न्हवं पाव्हणं," ते हळू आवाजात म्हणाले. "उघडलं आन त्यो नसला तर? मला रोज सांजच्याला त्याचा आवाज यितो. त्यो बी जायचा."

मी म्हणालो, "अनिता दवाखान्यात आहे तात्या." ते उठले, खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

दोन दिवसांनी भवानीनगरचे बादशाहभाई, माझ्या ओळखीचे गॅरेजवाले, पिकअपमध्ये लोखंडी तिवई आणि साखळीची कप्पी घालून आले. अख्खं गाव जमलं, महाराजही आले. दवाखान्यातून सुटून अनिता आली ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली. मी भरलेला तांब्या तिच्याजवळ ठेवला. तिनं हात लावला नाही.

बॅटरी सोडली, रेडिएटर काढला, वायरींना खुणेच्या चिंध्या बांधल्या. इंजिन उचलण्याआधी बादशाहभाईंनी तळाच्या चेंबरचा, म्हणजे ऑइलच्या टाकीचा, नट सोडला. काळं ऑइल यायला हवं होतं. आलं पाणी. स्वच्छ धार लागली, बादलीचा तळ भरला, आणि मग दुधाळ चहासारखं दाट ऑइल आलं.

"हे घ्या तुमचं तीर्थ," बादशाहभाई म्हणाले. "कुनी प्यालं न्हाय. हितंच साठलं व्हतं."

शेजारच्या छबूबाईंनी महाराजांकडे मान वळवली. "लखन पितो म्हनत व्हतासा. मग ह्ये काय?"

"आत्मा सूक्ष्म असतो माई, त्यो पान्याचं सत्त्व घेतो..."

"मग आमच्या पोरीला बी सत्त्व पाजायचं. पानी कशाला तोडलं तिचं?"

यावर महाराजांजवळ अमेरिकेतलं संशोधन नव्हतं.

साखळी कुरकुरली आणि इंजिन वर आलं. ते फळीवर ठेवून हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं तेव्हा मी सगळ्यांना जवळ बोलावलं. हेड आणि खालचा ठोकळा यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, गॅस्केट. पाणी पाण्याच्या जागी आणि जाळ जाळाच्या जागी ठेवण्याचं काम त्याचं. तो एका ठिकाणी जळून फाटला होता. त्या फटीतून इंजिनातला वायू पाण्यात घुसायचा, ते बुडबुडे. ॲक्सिलरेटर दाबला की जास्त घुसायचा, ते लखनचं 'हो'. गाडी बंद झाली की त्याच फटीतून पाणी आत उतरून पिस्टनच्या कडेनं तळाला झिरपायचं आणि सुरू झाली की उरलेल्याची वाफ व्हायची, तो पांढरा धूर. तीन पिस्टन काजळीनं काळे होते. चौथा वाफेनं धुऊन भांड्यासारखा लखलखीत झाला होता. फट रोज वाढत होती, म्हणून तांबे वाढले. जलनाथाला हे सगळं ठाऊक होतं, नाहीतर त्यानं गाडी दर वेळी उकळायच्या आत बंद केली नसती. मी हे बोलत असताना चेला आणि तो बाहेर सटकले. कुणी अडवलं नाही, पण मागेही कुणी गेलं नाही. पोलिसांत तक्रार मी दुसरे दिवशी दिली.

आम्ही रॉकेलच्या परातीत एकेक भाग धुवायला घेतला. तात्या परातीशेजारी बसून राहिले. प्रत्येक तुकडा ते हातात घेत, उलटून बघत, खाली ठेवत. शेवटी त्यांनी इंजिनातल्या पाण्याच्या वाटेत बोट घातलं. आत पांढरा, खड्यासारखा क्षार घट्ट बसला होता.

"बोअरचं पानी," बादशाहभाई म्हणाले. "आपल्याकडं समदी तेच वततात. वाटा बुजत्यात, गाडी उकळती, मग गॅस्केट जातंय. लय दिस उकळत आसंल ही. लखनभाऊंना दर खेपंला पानी वतायला लागत आसंल."

तात्यांचा हात थांबला.

"त्या दिशी," ते म्हणाले, "मळ्याच्या वळनावर त्यो बॉनेट उघडून उभा व्हता. बाटलीनं पानी वतत व्हता गाडीत. मी बांधावरनं बघितलं. निळी बाटली."

ओट्यावरून अनिता म्हणाली, "निळीच व्हती. मला दुकानाम्होरं उतरवून ते म्होरं गेले व्हते. परत येऊन तितनंच मला घेतलं त्यांनी."

"व्हय. तू भरली व्हतीस पोरी. त्यानंच वतली. माज्या ध्यानातच आलं न्हाय."

तात्या उठले. हात रॉकेलचे होते म्हणून धोतराला पुसले, तांब्या उचलून तिच्या ओठांना लावला. ती पीत होती आणि रडत होती. तात्याही रडत होते, कारण संध्याकाळ झाली होती आणि अंगणात कसलाच आवाज नव्हता.

लोकहो, पाणी नाहीसं होत नाही, ते कुठेतरी जातं. कुठे गेलं ते शोधा. उघडू नका असं जो सांगतो त्याच्यासमोरच उघडा. आणि सगळ्यात आधी घरच्या माणसांना विचारा. बाटली कुणी रिकामी केली हे तात्यांना पहिल्याच दिवशी विचारता आलं असतं, त्यांनी सांगितलंही असतं. अख्खं गाव गाडीला प्रश्न विचारत होतं. मीसुद्धा त्यातलाच. शेजारी बसलेल्या जिवंत माणसाला कुणीच काही विचारलं नाही.